चौघींची भिशी आणि बुडापेस्टचे गुलबाबा

आमच्या भिशीचा हप्ता अडीच हजारांचा होता. मुदत चाळीस महिने. म्हणजे प्रत्येकीचे बरोबर एक लाख. इतर भिश्यांत दर महिन्याला चिठ्ठी निघते आणि पैसे कुणाच्या तरी फ्रीजमध्ये, नाहीतर मुलाच्या फीमध्ये जातात. या भिशीत चिठ्ठीच नव्हती. पैसे एका वेगळ्या खात्यात पडत राहायचे आणि ते कशासाठी आहेत हे पहिली दोन वर्षं आम्ही घरी सांगितलंच नाही. विचारलं तर "बायकांची भिशी" एवढंच उत्तर. त्यावर पुढचा प्रश्न येत नाही, हा भिशीचा मोठा फायदा.

चौघी डी.एड.च्या वर्गातल्या. आता सगळ्या पंचेचाळीस ओलांडलेल्या. मी शाळेत शिकवते. एकीचं वडाळा नाक्याकडे औषधांचं दुकान आहे. एक पंचवटीतली मराठा, बँकेत आहे. चौथीचं डी.एड. लग्नामुळे अर्धवट राहिलं. ती जुन्या नाशकात घरी शिवणकाम करते आणि ईदच्या आधीचा महिनाभर फोनसुद्धा उचलत नाही. युरोप पाहायचा, तोही पॅकेज टूरने नाही, पाठीवर सॅक टाकून, ही कल्पना तिचीच. तिच्या मुलाच्या मोबाइलवर तिने कॉलेजच्या पोरांचे असे प्रवास पाहिले होते. "ही पोरं एका खोलीत सहाजणं झोपतात, स्वतः भात शिजवून खातात. हे तर आपण रोजच करतो की," ती म्हणाली.

एकतीस महिने झाले आणि तिच्या नवऱ्याची अँजिओप्लास्टी करावी लागली. तिचे जमलेले साडेसत्त्याहत्तर हजार त्याच दिवशी खात्यातून काढले. त्यानंतर तिघींनी बसून फक्त एकच गोष्ट ठरवली, की थांबायचं. ती "तुम्ही तिघी जाऊन या" असं दोनदा म्हणाली, तिसऱ्यांदा म्हणाली नाही. तिघींचे चाळीस महिने भरले, तरी पैसे तसेच पडून राहिले. तिने पुन्हा सुरुवात केली, कधी तीन हजार, कधी ईदच्या कमाईतून एकदम बारा. यात आणखी पावणेदोन वर्षं गेली. कमी पैशांतल्या प्रवासाबद्दल जे सल्ले मिळतात त्यात तिकीट कधी काढावं, कुठल्या दिवशी स्वस्त मिळतं, हे सगळं असतं. कुणासाठी थांबावं लागलं तर काय करायचं, हे त्यात कुठे नसतं.

घरी सांगितलं तेव्हा दोन प्रश्न आले आणि दोन्ही अपेक्षित होते. पहिला, बरोबर पुरुष कोण? दुसरा, इतक्या पैशांत उमरा झाला असता, त्याचं काय?

पहिल्याचं उत्तर माझ्या सासूबाईंनीच दिलं. त्या म्हणाल्या, "चौघी आहेत ना? मग जाऊ द्या. हजलासुद्धा चौघींना पाठवतातच." त्यांचं म्हणणं खरं होतं. २०१८ पासून भारताच्या हज धोरणात पंचेचाळीस वर्षांवरच्या महिलांना महरमशिवाय जाता येऊ लागलं, तेव्हा अट हीच होती की किमान चौघींचा गट हवा. अम्मींनी ती बातमी लक्षात ठेवली होती. घरातल्या पुरुषांना हज आणि बुडापेस्ट यांत फरक दिसत होता, पण अम्मींशी वाद कोण घालणार?

दुसरा प्रश्न मात्र कुणी सोडवून दिला नाही आणि तो सुटला असंही मी म्हणणार नाही. शिवणकामवालीने तिच्या आईला शब्द दिला आहे की पुढची भिशी उमऱ्याची, दोघी मिळून जायचं. दुकानवाली आधीच जाऊन आली आहे. माझ्यापुरतं म्हणायचं तर लग्नात, सोन्यात आणि बफे जेवणात लाख रुपये जातात तेव्हा हा प्रश्न आमच्या घरांत कधी निघालेला मी ऐकला नाही.

शहर निवडलं ते वहीवर आकडे मांडून. पॅरिस, स्वित्झर्लंड पहिल्याच पानावर बाद झाले. हंगेरी शेंगेन व्हिसाच्या देशांत आहे, पण तिथे युरो नाही, फोरिंट चालतो. तेव्हा एका रुपयाला साधारण चार फोरिंट मिळत. राजधान्यांमध्ये राहण्याखाण्याचा खर्च कमी असलेल्या शहरांत बुडापेस्टचं नाव येतं. शिवाय दुकानवालीला कुठूनतरी कळलं की तिथे एका टेकडीवर गुलबाबांची मजार आहे. आपलं नाशिक मुघलांच्या काळातलं गुलशनाबाद. गुलशनाबादहून गुलबाबांकडे, एवढं कारण तिला पुरेसं होतं. बँकवालीने मात्र आधी विजेच्या चुलीसकट खोलीचं भाडं तपासलं, मग मान हलवली.

पासपोर्टचं काम नाशकातच होतं, नव्या पासपोर्टची साधी फी दीड हजार. खरी परीक्षा व्हिसाची. जून २०२४ पासून प्रौढांसाठी शेंगेन व्हिसाची फी ९० युरो आहे, आमच्या वेळी नऊ हजारांच्या वर गेली. अर्ज नाकारला तरी ती परत मिळत नाही. किमान तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला प्रत्येकीला स्वतः मुंबईला जावं लागतं. आम्ही पंचवटी एक्स्प्रेसने सकाळी गेलो आणि संध्याकाळी त्याच गाडीने परतलो. हा खर्चही हिशोबात धरावा, कारण तो सगळ्यांच्या हिशोबातून गळतो.

आणि कागद. माझ्याकडे पगाराची स्लिप होती, बँकवालीकडे होती, दुकानवालीकडे दुकानाचे परवाने आणि विवरणपत्रं. चौथीकडे काय होतं? पंचवीस वर्षांचं काम आणि एक शिलाईची वही, ज्यात "सलमाकाकूंचा ब्लाउज" अशा नोंदी. दूतावासाला कळायला हवं असतं की हा माणूस परत जाईल, त्याचं तिकडे काहीतरी आहे. आपल्याकडच्या किती बायकांचं सगळं काही आहे आणि कागदावर काहीच नाही! बँकवालीने याचा विचार फार आधी केला होता. तिने तिला उद्यम नोंदणी करायला लावली, शिलाईचे पैसे यूपीआयने खात्यावर घ्यायला लावले आणि सलग दोन वर्षं आयकर विवरणपत्र भरायला लावलं. कर शून्य होता, पण कागद झाला. नवऱ्याचं संमतीपत्र वगैरे जोडा असं एजंट सांगत होता. तिने स्वतःच्या नावाचे कागद जोडले.

तिघींचे पासपोर्ट मंगळवारी आले. तिचा आला नाही. बुधवारी नाही, गुरुवारी नाही. विमानाची तिकिटं आम्ही व्हिसाच्या आधी पक्की केली नव्हती, तीन व्हिसा हातात असूनही तेव्हाही केली नाहीत, आणि भाडं रोज वर चढताना बघत बसलो. शुक्रवारी दुपारी कुरिअरवाला तिच्या गल्लीत शिरला. तिने पाकीट फोडलं नाही. ते घेऊन ती माझ्या शाळेच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. व्हिसा लागला होता.

भाऊबीज उरकून २६ ऑक्टोबरला निघालो. मुंबईहून बुडापेस्टला थेट विमान नव्हतं, आखातात एक थांबा. प्रत्येकीकडे एकच सात किलोची सॅक. त्यात पोहे, रवा, मुगाची डाळ, मसाल्याच्या पुड्या आणि कोंडाजीचा चिवडा. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे, म्हणून खव्याची मिठाई आणि तूप घरीच राहिलं. विमानतळावर बोटांचे ठसे आणि फोटो पुन्हा घेतले. ऑक्टोबर २०२५ पासून युरोपात ही नोंदीची नवी पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, रांगेची तयारी ठेवावी.

विमानतळावरून शहरात थेट जाणारी बस आहे, १०० ई. तिचं तिकीट वेगळं आणि महाग. २०० ई बसने कोबान्या-किश्पेश्तपर्यंत जायचं आणि तिथून निळ्या रंगाची तीन नंबरची मेट्रो पकडायची, हे साध्या तिकिटात होतं. शहरात ७२ तासांचा पास घेतला, दीड हजार रुपयांच्या आसपास. मेट्रो, ट्राम, बस सगळं त्यात. तिथली पहिली मेट्रो १८९६ सालची आहे, जमिनीच्या जेमतेम खाली धावते, स्टेशनं एवढी छोटी आणि टाइल्स लावलेली की एखाद्या जुन्या वाड्याच्या न्हाणीघरात उभं असल्यासारखं वाटतं. दन्यूब नदीच्या कडेने जाणारी दोन नंबरची ट्राम तर फुकटातली सहलच. रात्री दिव्यांनी उजळलेली पार्लमेंटची इमारत त्या ट्रामच्या खिडकीतून पाहिली. बोटीतून ती पाहायचे वेगळे पैसे पडतात, आम्ही दिले नाहीत.

एक मोठी खोली आणि छोटं स्वयंपाकघर, चौघींत मिळून दिवसाला चौसष्टशे रुपये. खाण्याचा प्रश्न आम्ही खोलीवरच सोडवला. हंगेरीत डुकराची चरबी हे स्वयंपाकाचं जुनं माध्यम आहे, त्यामुळे नुसतं "मांस नको" म्हणून भागत नाही. "शेर्तेश" म्हणजे डुकराचं मांस आणि "झीर" म्हणजे चरबी, हे दोन शब्द आम्ही पाठ केले. ब्लाहा लुइझा चौकाच्या आसपास तुर्की आणि अरब खाणावळी आहेत, तिथे विचारून दोनदा जेवलो. बाकी सकाळी पोहे, रात्री खिचडी किंवा बटाट्याचा रस्सा. बँकवालीचा गुरुवार होता, तिला काही वेगळं करावं लागलं नाही. जी सोय हलालची, तीच उपासाची. पिण्याचं पाणी नळाचंच चांगलं आहे, बाटल्या विकत घेऊ नयेत. १८९७ साली बांधलेल्या मोठ्या मंडईत लाल पाप्रिकाच्या माळा टांगलेल्या दिसल्या. दुकानवालीने चिमूटभर जिभेवर ठेवली आणि म्हणाली, "रंग लवंगीचा, तिखटपणा टोमॅटोचा."

तिथल्या भाषेचं आम्हाला एक अक्षर कळेल असं वाटलं नव्हतं. पण खिशाला "झेब" म्हणतात, आपली जेब. सपातांना "पापुच", म्हणजे आपला पापोश. घरमालकिणीने बैठकीवर हात ठेवून "दीवान" म्हटलं तेव्हा शिवणकामवाली खुदकन हसली. तुर्कांनी बुडावर १५४१ ते १६८६ राज्य केलं, ते गेले पण असे काही शब्द मागे राहिले.

नमाजच्या वेळांनी आधी गोंधळ उडवला. आम्ही पोहोचलो त्याच दिवशी तिथली घड्याळं एक तास मागे गेली होती. जोहर साडेअकराच्या सुमारास, आणि मगरिब साडेचारला! दिवस हातात येईपर्यंत संपलेला. आणि जन्मभर पश्चिमेकडे तोंड करून नमाज पढलेल्या आम्हाला तिथे आग्नेयेकडे वळावं लागलं. साडेचारला इकडे रात्रीचे नऊ वाजलेले असत, तीच घरी फोन करायची वेळ ठरली.

गुलबाबांकडे चार किंवा सहा नंबरच्या ट्रामने मार्गिट पुलाच्या बुडाकडच्या टोकाला उतरून जायचं. पुढे दगडी फरसबंदीचा उभा चढ. चाकांची बॅग ओढत येणाऱ्यांची तिथे जी दशा होते ती पाहून आम्हाला आमच्या सॅकचा अभिमान वाटला. गल्लीला गुलबाबांचंच नाव आहे, आणि जवळच्या एका रस्त्याचं नाव आहे "मेचेत उत्सा", मशीद रस्ता. गुलबाबा बेक्ताशी दरवेश. सुलतान सुलेमानच्या फौजेबरोबर १५४१ मध्ये बुडात आले आणि त्याच वर्षी त्यांचा इंतकाल झाला. १५४३ ते १५४८ च्या दरम्यान बुडाच्या पाशाने ही मजार बांधली. आठकोनी, वर घुमट, फार मोठी नाही. तुर्क गेल्यावर जेझुइट पाद्र्यांनी तिचं चॅपल केलं, पण पाडली नाही. पुढे ती पुन्हा मजार झाली. २०१८ मध्ये मोठी दुरुस्ती होऊन सगळा परिसर नव्याने उघडला. प्रवेशाला पैसे नाहीत. बुडात गुलाब त्यांनीच आणले असं लोक सांगतात. खरं-खोटं अल्लाह जाणे, पण त्या टेकडीला आजही गुलाबाची टेकडी म्हणतात.

ऑक्टोबर संपत आलेला, बागेत मोजून पाच-सहा गुलाब शिल्लक होते. आत चादर घातलेली मजार, लाकडी ताबूतावर दरवेशी टोपी, कुठे गर्दी नाही, कव्वाली नाही, अगरबत्ती नाही. पिंजारघाटावरच्या बडी दर्ग्याच्या सवयीच्या आम्हाला ती शांतता जरा परकी वाटली. शिवणकामवाली मात्र आत बराच वेळ बसून राहिली. बाहेर आल्यावर तिने फक्त चादरीच्या किनारीबद्दल सांगितलं, टाका कुठला आहे ते.

एर्झेबेट पुलाजवळच्या जुन्या चर्चमध्येही आम्ही गेलो. तुर्कांच्या काळात त्याची मशीद झाली होती आणि तिथला मेहराब अजून भिंतीत आहे. चर्चवाल्यांनी तो जपून ठेवला आहे. आमच्यापैकी कुणीच काही बोललं नाही, बोलण्यासारखं बरंच होतं तरी.

रुदासच्या तुर्की हमामावर मात्र पैसे खर्च केले, माणशी दोन हजारांच्या वर. १५७० च्या सुमाराची इमारत, आठ खांबांवर घुमट, घुमटात रंगीत काचा, खाली गरम पाण्याचं आठकोनी कुंड. जुन्या हमामात मंगळवार बायकांचा असतो, म्हणून मंगळवारीच गेलो. आपल्या घरच्या बायकांसाठी एक गोष्ट सांगून ठेवते. त्या दिवशी काही बायका अंगावर काहीच न घालता पाण्यात उतरतात. आम्ही आमच्या कपड्यांत, कोपऱ्यात बसलो, कुणी हटकलं नाही. दुकानवालीचे गुडघे तीन दिवस दुखले नाहीत.

दुकानवाली हिजाब घालते. हंगेरीचं तेव्हाचं सरकार बाहेरच्या लोकांच्या, विशेषतः मुसलमान निर्वासितांच्या येण्याविरुद्ध उघड बोलत असे, हे वाचून आम्ही गेलो होतो, त्यामुळे धाकधूक होती. मेट्रोत नजरा वळल्या, एका माणसाने तिच्या शेजारची जागा सोडून दिली. ती म्हणाली, "बरं झालं, सॅक ठेवायला जागा झाली." दुसऱ्या दिवशी ट्राममध्ये एका म्हाताऱ्या बाईने तिच्या स्कार्फचं कापड बोटांत धरून पाहिलं आणि मान डोलावली. दोन्ही एकाच शहरात घडलं, यातलं कुठलं खरं शहर ते मी ठरवू शकत नाही.

नदीकाठी पार्लमेंटपासून थोडं पुढे साठ जोड लोखंडी बूट ठेवले आहेत. १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथल्या फॅसिस्टांनी ज्यूंना काठावर उभं करून बूट काढायला लावले आणि गोळ्या घालून नदीत पाडलं. बूट मौल्यवान होते, म्हणून काढायला लावले. त्यात लहान मुलांचेही आहेत. २००५ पासून ते तिथे आहेत. बँकवालीने आपल्या पर्समधला चॉकलेटचा तुकडा एका छोट्या बुटात ठेवला. तिथून चालत खोलीवर आलो, ट्राम धरली नाही.

हिशोब विचारणाऱ्यांसाठी: विमानाचं तिकीट बावन्न हजार. व्हिसा, सेवाशुल्क, विमा आणि मुंबईची फेरी मिळून तेरा हजार चारशे. राहणं माणशी अकरा हजार दोनशे. शहरातला प्रवास तीन हजार, खाणं सहा हजार, हमाम आणि बाकी पाहणं पाच हजार. फोनचं कार्ड आणि किरकोळ दीड हजार, भेटवस्तू तीन हजार, नाशिक-मुंबई विमानतळ गाडीचे दोन हजार. एकूण सत्त्याण्णव हजार शंभर. यातले दोन तृतीयांश पैसे बुडापेस्टला पाय लागण्याआधीच गेले होते. एकटी गेले असते तर खोलीचं भाडंच चौपट पडलं असतं आणि खिचडी एकटीसाठी कोण शिजवणार?

१ नोव्हेंबरला तिकडे सार्वजनिक सुट्टी असते, दुकानं बंद. हे आधी माहीत होतं म्हणून ब्रेड-बटाटे आदल्या दिवशीच आणून ठेवले. त्या दिवशी लोक आपापल्या कबरींवर जातात. संध्याकाळी आम्ही मोठ्या कब्रस्तानाकडे गेलो. फाटकाबाहेर शेवंतीच्या कुंड्यांचे ढीग, पिवळ्या, पांढऱ्या, जांभळ्या. आत अंधारात कबरीकबरींवर मेणबत्त्या. शब-ए-बारातला आपल्याकडे असतं तसंच, फक्त थंडी फार आणि बोलणं अगदी हळू. पोरं आजीचा हात धरून चालत होती. शेवंतीचा वास आला तेव्हा बँकवाली म्हणाली, आपल्याकडे ही दसऱ्याची.

एका कबरीपाशी एक म्हातारा काडी पेटवत होता आणि वाऱ्याने ती विझत होती. शिवणकामवाली पुढे झाली, तिने आपल्या ओढणीचा आडोसा धरला. मेणबत्ती पेटली. तो काहीतरी बोलला, आम्हाला कळलं नाही. तिने हिंदीत "कोई बात नहीं" म्हटलं, ते त्याला कळलं नसावं. मग त्याने खिशातून आणखी एक मेणबत्ती काढून तिच्या हातात दिली. ती घेऊन ती थोडी पुढे गेली. जिच्यावर एकही दिवा नव्हता अशी एक कबर तिने शोधली. नाव वाचायचा प्रयत्न केला, अक्षरं झिजलेली होती. तिथेच ती लावली आणि ओठांतल्या ओठांत फातेहा पढली. आम्ही तिघी वारा अडवायला तिच्याभोवती उभ्या राहिलो.